तलावाची फाइल: विदर्भातल्या गावातून पर्यावरणाचा खटला उभा करताना

कोर्ट सुटायच्या वेळेला तिघं जण आले होते. दोन पुरुष, एक बाई, आणि बाईंच्या हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. गाव झाडीपट्टीतलं, धानाचं. गावच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, उसन्या (धान उकडून केलेल्या) तांदळाच्या मिलचं पाणी सुटत होतं. पिशवीतून सरपंचाला, तहसीलदाराला, प्रदूषण मंडळाला आणि आमदाराला दिलेले अर्ज निघाले. सगळ्यांवर आवक शिक्के होते, सगळे नीट लावलेले. मी सर्वांत खालचा अर्ज काढून तारीख पाहिली. तेरा महिने झाले होते.

"आता केस लावा जी," काकाजी म्हणाले.

अडचण अशी की याच लोकांना तेरा महिन्यांपूर्वी मीच रस्त्यावर उभ्या उभ्या सांगितलं होतं, "आधी अर्ज करत राहा, पोच जपून ठेवा, मग बघू." राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात कलम १४ खाली अर्ज करायला सहा महिने मिळतात. योग्य कारण दाखवलं तर वर साठ दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. आणि हे सहा महिने वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तिथून मोजतात. ते केव्हा घडलं याचा सर्वांत पक्का पुरावा म्हणजे गावानं मेहनतीनं जपलेला तो पहिला अर्जच. माझ्या अर्धवट सल्ल्यानं त्यांची मुदत खाल्ली.

ते प्रकरण नंतर वेगळ्या वाटेनं लागलं, ते पुढे येईल. पण तेव्हापासून गावातलं कोणी किंवा नवा वकील "हे काम कसं करायचं" असं विचारतो, तेव्हा मी कोर्टापासून सुरुवात करत नाही, कॅलेंडरपासून करतो.

पहिलं काम: दोन तारखा लिहा

वहीच्या पहिल्या पानावर दोन तारखा लिहा. त्रास पहिल्यांदा दिसला ती एक, आणि त्यात सहा महिने मिळवून येणारी दुसरी. दुसरीला लाल गोल करा. अर्ज, निवेदनं, उपोषण, मंत्र्यांची भेट जे करायचं ते करा, पण लाल तारखेच्या दोन महिने आधी फाइल वकिलाच्या टेबलावर हवी. तुम्ही अर्ज केला म्हणून मुदत थांबत नाही.

तीन मुदती पाठ असू द्या. कलम १४ चे सहा महिने झाले. झालेल्या नुकसानीची भरपाई किंवा बिघडलेली जागा पूर्ववत करून मागायची असेल तर कलम १५, त्याला पाच वर्षं. एखाद्या खाणीला किंवा कारखान्याला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीलाच आव्हान द्यायचं असेल तर कलम १६ खालचं अपील, त्याला फक्त तीस दिवस आणि कारण दाखवून आणखी साठ. मंजुरी निघाल्याचं गावाला कळायलाच महिना जातो, म्हणून ज्या गावाशेजारी खाण येऊ घातली आहे तिथल्या एका शिकलेल्या पोरानं परिवेश हे केंद्र सरकारचं मंजुऱ्यांचं पोर्टल दर आठवड्याला बघायचं काम अंगावर घ्यावं.

"रोज घाण पाणी सुटतं, म्हणजे रोज नवं कारण घडतं" हा युक्तिवाद वकील करतात. मीही केला आहे. पण गावाची बोडी त्याच्या भरवशावर सोडू नये.

जागा कोणाची, ते कागदावर काढा

विदर्भात हे काम इतर महाराष्ट्रापेक्षा निराळं पडतं, कारण इथल्या जमिनीचा इतिहास निराळा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले तलाव गोंड राजांच्या काळापासून बांधले गेले, कोहळी समाजानं त्यात पिढ्या घातल्या. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ मध्ये गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि 'माजी मालगुजारी' चा 'मामा तलाव' झाला. पार (तलावाचा बांध), तुडूम, सलंग हे तलावाच्या भागांचे शब्द गावाला माहीत असतात, सरकारी नकाशात ते सापडतीलच असं नाही.

तलाठ्याकडून (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, गाव अजून तलाठीच म्हणतं) त्या गटाचा सातबारा घ्या. गावनकाशा घ्या. गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, बघायला मागा. त्यात तुमच्या तलावावरच्या अतिक्रमणाची नोंद नसेल तर तीच तुमची पहिली तक्रार. आणि निस्तार पत्रक विसरू नका. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १६१ खालचा हा कागद आहे. गुरं कुठे चरायची, जळण कुठून आणायचं, पाणी कुठे पाजायचं, याचे गावाचे हक्क त्यात असतात. नवे वकील तो मागतच नाहीत. माझ्या अनुभवात सरकारी वकिलाला सर्वांत जास्त अडचणीत टाकणारा कागद हाच.

सातबारावर 'झुडपी जंगल' असा शेरा दिसला तर थांबा आणि दोनदा वाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतल्या झुडपी जंगलाच्या जमिनी म्हणजे वनच, असं सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात म्हटलं. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी झालेल्या वाटपांसाठी त्यात वेगळी वाट ठेवली आहे. म्हणजे अशा जमिनीवर आज कोणी गिट्टी खदान काढत असेल, तर पहिला प्रश्न विचारायचा तो केंद्र सरकारच्या वन मंजुरीचा.

एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. पाणथळ जागांचे २०१७ चे नियम वाचून पोरं खूश होतात. पण सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेल्या जलाशयांना त्या नियमांच्या व्याख्येतून वगळलं आहे. मामा तलाव सिंचनाचाच, असं समोरचा म्हणणार. म्हणून फक्त त्या नियमांवर खटला उभा करू नका. जल प्रदूषण कायदा १९७४, महसूल संहिता आणि जगपाल सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल सोबत लावा. तो निकाल पंजाबातल्या एका गावतळ्याचा आहे, पण गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायच्या योजना आखायला त्यात सगळ्याच राज्यांना सांगितलं आहे.

पुरावा: बाटली नको, वही हवी

पाण्याच्या रिकाम्या बाटलीत बोडीचं पाणी भरून आणणारे फार भेटतात. झाकण उघडलं की आंबूस वास खोलीभर होतो. धान भिजवून उकडलेलं ते पिवळट-तपकिरी पाणी नाकालाच सगळं सांगतं. पण ते फक्त नाकालाच. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानं, मालकाला नोटीस देऊन, सील करून घ्यावा लागतो, तरच तो कायदेशीर कारवाईत पुरावा ठरतो. तुमच्या बाटलीचा उपयोग एवढाच की खासगी प्रयोगशाळेचा अहवाल जोडून मंडळाला "तुम्ही नमुना घ्या" असं ठासून लिहिता येतं. तो अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला द्या आणि नमुना घेताना गावाचे दोन पंच हजर ठेवायची विनंती त्यातच करा.

त्यापेक्षा मोलाची गोष्ट त्या पिशवीवाल्या बाईंनी पुढे करून दाखवली. त्या रोज सकाळी शेळ्या घेऊन बोडीकडे जातात. पोराची अर्धी कोरी राहिलेली वही त्यांनी घेतली आणि रोज एक ओळ लिहू लागल्या. 'मंगळवार. सकाळी ७. पाइप चालू. फेस. शेळ्या प्याल्या नाही.' 'बुधवार. पाइप बंद. वास आहे.' 'शुक्रवार. रात्री पाणी सोडलं, पारावर राख.' त्यांनी मत कुठेच लिहिलं नाही, शिवीही नाही, फक्त वेळ आणि दिसलं ते. पुढे एकदा पाहणीचं पथक आलं तेव्हा मिल नेमकी बंद होती आणि पाइप कोरडा होता. त्या दिवशी ही वही कामी आली. आधीच्या चाळीस दिवसांत पाइप कधी चालू, कधी बंद होता, ते तारखेवार समोर ठेवता आलं, आणि पथकाला मिलचं वीजबिल व धानखरेदीचं रजिस्टर मागावं लागलं.

फोटो काढा, पण दर वेळी एकाच जागेवरून. मोहाचं झाड, विजेचा खांब, देवळाचा कळस अशी न हलणारी खूण चौकटीत असू द्या. जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप वापरा. मूळ फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरलेला फोटो बारीक होतो आणि त्याची आतली माहिती गळून जाते. कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. ज्याच्या फोननं फोटो काढला त्याचं नाव त्यात येतं, तेव्हा साक्षीला उभा राहील असाच माणूस फोटोला पाठवा.

माहितीचा अधिकार: दीडशे शब्दांत

महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे. म्हणून "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, त्याला उत्तरही तसंच मोघम येतं. प्रदूषण मंडळाला एवढंच लिहा: अमुक गट क्रमांकातील मिलला दिलेल्या संमतीपत्राची अटींसह प्रत, मागील तीन वर्षांतील पाहणी अहवाल व नमुना तपासणी अहवाल, दिलेल्या नोटिसा व त्यांवरील उत्तरं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर एकतिसाव्या दिवशी पहिलं अपील टाका, रुसून बसू नका.

संमतीपत्र हातात आलं की निम्मी केस तिथेच दिसते. सांडपाणी प्रक्रिया करून कुठे वापरायचं, बाहेर सोडायचं की नाही, राख कुठे टाकायची, सगळं अटींत असतं. बोडीत येणारा पाइप आणि कागदावरची अट समोरासमोर ठेवली की "पर्यावरणाची हानी" वगैरे मोठे शब्द वापरायची गरज उरत नाही.

प्रती नको असतील तर फाइल पाहायला मागा. पहिला तास फुकट असतो. मी स्वतः तेच करतो, कारण टिपणीच्या पानावर कोणी काय शेरा मारला ते प्रत्यक्ष पाहण्यात मिळतं. न मागितलेल्या पानांची प्रत कोणी देत नाही.

ग्रामसभा

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांपैकी जवळची पकडा किंवा विशेष सभेची लेखी मागणी करा. ठराव प्रोसिडिंग बुकात लिहून, सह्या होऊन, त्याची प्रमाणित प्रत हातात येईपर्यंत घरी जाऊ नका. "उद्या लिहितो" म्हटलेला ठराव पुढे वेगळ्याच शब्दांत सापडतो.

गडचिरोलीकडच्या किंवा जंगलाला लागून असलेल्या गावांनी वनहक्क कायदा २००६ चा सामूहिक दावा आधी मार्गी लावावा, खटल्याचं मग बघावं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हक्काचा कागद असला की कलम ५ प्रमाणे जंगल, पाणलोट आणि वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेचाच होतो, आणि मग तुम्ही तक्रारदार राहत नाही. ओडिशातल्या नियमगिरी डोंगराच्या २०१३ च्या निकालात खाणीमुळे वनहक्कांवर काय परिणाम होतो याचा विचार सर्वोच्च न्यायालयानं ग्रामसभांवर सोपवला, तो याच कायद्याच्या जोरावर.

कोळसा खाण किंवा मोठा प्रकल्प असेल तर जनसुनावणी होते. तिची जाहिरात किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात येते. प्रकल्पाचा सारांश मराठीत मिळायला हवा, अहवाल ग्रामपंचायतीतही ठेवायला हवा. भाषण करा, पण तेच लेखी द्या आणि पोच घ्या. शेवटी इतिवृत्त मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं. मंडपातले लोक तोवर जेवायला गेलेले असतात. तुम्ही बसून राहा.

जवळचे दरवाजे

सगळं पुण्याला किंवा नागपूरला न्यायचं नसतं. तलावावर भर टाकून कोणी प्लॉट पाडत असेल तर महसूल संहितेचं कलम ५०. अवैध मुरूम किंवा रेती असेल तर कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि ४८(८) खाली ट्रॅक्टर-टिप्परची जप्ती. सार्वजनिक उपद्रव असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३. उपविभागीय दंडाधिकाऱ्यापुढे साधा अर्ज करायचा, तो उपद्रव हटवायचा सशर्त आदेश काढू शकतो. १९८० चं रतलाम प्रकरण याच कलमावरचं. गटाराची घाण काढायला पैसे नाहीत, ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयानं ऐकली नाही. हा दरवाजा स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीच आहे, आणि का कोण जाणे वकील तो सर्वांत कमी ठोठावतात.

पुणे की नागपूर

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्याला आहे. एके काळी गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये रात्र काढून जावं लागायचं, आता अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि सुनावणी व्हिडिओवर होते. भरपाईची मागणी नसेल तर शुल्क एक हजार रुपये. कामकाज इंग्रजीत, त्यामुळे मराठी कागदांचं भाषांतर जोडावं लागतं. खरा वेळ आणि पैसा तिथेच जातो, त्याचं आधीच बघा.

पण न्यायाधिकरण ठरावीक सात कायद्यांखालचेच वाद ऐकतं: पाणी, पाणी उपकर (हा कायदा २०१७ मध्ये रद्द झाला), वनसंवर्धन, हवा, पर्यावरण संरक्षण, सार्वजनिक दायित्व विमा आणि जैवविविधता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ त्या यादीत नाही, वनहक्क कायदाही नाही. म्हणून वाघाचा भ्रमणमार्ग, अभयारण्य, सारस असे विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिकेनं जातात. सारसांची घटती संख्या वर्तमानपत्रात वाचून खंडपीठानं २०२१ मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली होती. लोणार सरोवराची याचिका २००९ पासूनची, सरोवराला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला २०२० मध्ये. यावरून किती धीर लागतो याचा अंदाज घ्या.

जनहित याचिकेत स्वतःचा स्वार्थ नसल्याचं शपथेवर सांगावं लागतं, आणि हेतू तपासायला कोर्ट अनामत भरायला लावू शकतं. मिलमालकाशी तुमचा धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद असेल तर तुम्ही याचिकाकर्ते होऊ नका, दुसऱ्याला पुढे करा. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत विचारा. गावात ती सगळ्यांना ठाऊक असते, फक्त वकिलाला नसते.

काय मागायचं

आमच्या बोडीच्या प्रकरणात कलम १४ ची मुदत गेलेली, म्हणून आम्ही कलम १५ खाली बोडी पूर्ववत करून मागितली: गाळ काढणं, राख उचलणं, पाणी पुन्हा तपासणं. मिल बंद करा असं मागितलं नाही. त्यावर गावात दोन रात्री भांडण झालं. गावातली दहा-बारा पोरं त्याच मिलमध्ये हमाली करतात. बंदची मागणी केली असती तर त्यांच्याच घरच्यांनी मिलच्या बाजूनं प्रतिज्ञापत्रं दिली असती. 'प्रक्रिया केल्याशिवाय एक थेंब बाहेर नको, आणि बिघडवलेलं दुरुस्त करा' या मागणीवर सह्या सगळ्यांच्या झाल्या.

मागण्या मोजता येतील अशा लिहा. 'योग्य ती कारवाई व्हावी' या मागणीला 'कारवाई केली' एवढंच उत्तर पुरतं. 'गट क्रमांक अमुकच्या पूर्व पाराजवळचा पाइप पंधरा दिवसांत बंद करून पंचनामा सादर करावा' असं लिहिलं की पळवाट उरत नाही.

पैसा आणि वकील

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, उच्च न्यायालयाचं काम असेल तर नागपूरच्या उपसमितीकडे. बचत गटातल्या बायांच्या नावानं अर्ज करायला मी सांगतो, ते याचसाठी. शिवाय तारखेला त्या येतात. पुरुष दिवाणी तारखांना सरावलेले, त्यांना पुढची तारीखच बरी वाटते.

गावातून वर्गणी काढली तर पावती पुस्तक ठेवा आणि हिशेब ग्रामसभेत वाचा. दोनशे रुपयांचा हिशेब लागला नाही म्हणून एक चांगली याचिका मागे घेतलेली मी पाहिली आहे.

जपायचं काय

रेतीघाटावर रात्री एकट्यानं जाऊ नका, फोटोसाठी तर मुळीच नाही. धमकी आली तर त्याच दिवशी ठाण्यात लेखी द्या. नाही घेतलं तर पोलिस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टानं पाठवा. समोरच्याशी एकांतात चहासुद्धा नको. माहिती अधिकारात अर्ज करणाऱ्यावर खंडणीचा आरोप करणं सोपं असतं आणि निस्तरणं महाकठीण. बोलायचंच असेल तर पाच जण मिळून, ग्रामपंचायतीत, दिवसा बोला.

आदेश आल्यावर

इथे बहुतेक गावं गुलाल उधळून मोकळी होतात. आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि त्यातली प्रत्येक मुदत वहीत लिहा. मंडळाला, जिल्हाधिकाऱ्यांना, ग्रामपंचायतीला प्रत देऊन पोच घ्या. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी माहिती अधिकारात अनुपालन अहवाल मागा. पालन झालं नसेल तर त्याच न्यायाधिकरणात अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, नवा खटला लागत नाही.

फोटो पूर्वीच्याच जागेवरून, दर महिन्याला. आणि वही चालूच ठेवायची. बाईंची पहिली वही भरली त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या वहीवर गटाचा नंबर आणि तारीख घालून माझ्याकडे सही मागितली. नवी वही सुरू करताना एवढं सांभाळा: जुनीचं शेवटचं पान आणि नवीचं पहिलं पान यांच्या मध्ये एकही दिवस सुटू देऊ नका. पाइप बंद असला तरी 'पाइप बंद' असं लिहा.